सात मिनिटांचं भाषण

भाषण सात मिनिटांचं होतं. ते लिहायला मला एकोणीस दिवस लागले, वाचायला सव्वाआठ मिनिटं लागली आणि त्यापायी उजव्या पायाचा घोटा सहा आठवडे प्लास्टरात राहिला. हिशेब कुठेच जुळत नाही, पण आमच्या पाणीपुरवठा खात्यात कुठला हिशेब जुळतो, म्हणून मी तक्रार करत नाही. शिवाय तक्रारी नोंदवून घेणं हेच माझं काम आहे. चोवीस वर्षं मी तक्रार खिडकीवर बसते. लोक मला 'तक्रारवाल्या बाई' म्हणतात. नवऱ्याचं म्हणणं असं, की हे नाव मला नोकरी लागण्याआधीपासूनच शोभत होतं.

आमच्या कार्यालयाच्या मागे पाण्याची मोठी टाकी आहे. वर जायला बाहेरून लोखंडी शिडी, तिच्या एकशे बारा पायऱ्या. टाकीत पाणी किती आहे हे खालून दाखवणारा काटा होता, तो नऊ वर्षांपूर्वी बिघडला. त्याच्या दुरुस्तीची फाईल अजून चालू आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे तिची प्रकृती उत्तम आहे. पण तोपर्यंत रोज सकाळी कुणीतरी वर चढायचं, झाकण उघडून पाणी पाहायचं, खाली येऊन नोंदवहीत आकडा लिहायचा. हे काम टाकी निरीक्षकाचं. ते आमचे टाकीवाले काका. काका निवृत्त झाले आणि जागा रिकामी झाली, तेव्हा पंपघरात मदतनीस असलेल्या बाईने त्या जागेसाठी अर्ज केला. तिला सगळे पंपवाली म्हणतात. अर्ज माझ्याच हस्ताक्षरात होता. अक्षर माझं चांगलं आहे. हे मी नाही, आमचे तीन साहेब आपापल्या निरोपसमारंभात म्हणून गेलेत.

अर्ज आठ दिवसांत परत आला. आमच्या खात्यात आठ दिवसांत काहीही परत येत नाही, त्यावरूनच ओळखायला हवं होतं. वर लाल शाईत शेरा होता: 'महिला उमेदवार. कामाचे स्वरूप पाहता अयोग्य.'

आता यातली खरी गोम सांगते. गेली सात वर्षं त्या टाकीवर काका चढतच नव्हते. त्यांचे गुडघे गेले होते. वर चढत होती ती पंपवाली. रोज, उन्हात, वाऱ्यात, तिला ताप असला तरी. ती वर जाऊन आकडा बघायची, खाली येऊन काकांना सांगायची आणि काका नोंदवहीत लिहून सही करायचे. कार्यालयातल्या शिपायांपासून भिंतीवरच्या पालीपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कागदाला. आणि आमच्याकडे जे कागदाला ठाऊक नाही ते घडलेलंच नसतं.

मग एका कागदाने हे सांगावं, असं मी तिला सुचवलं. अपील करू, त्यात लिहू, की सात वर्षं मीच चढते आहे. पंपवाली एरवी मान डोलावून ऐकून घेणारी बाई. त्या दिवशी मात्र तिने माझ्या हातातला पेन काढून टेबलावर ठेवला.

"बाई, काकांच्या पेन्शनचे कागद अजून वरच्या टेबलावर आहेत," ती म्हणाली. "सह्या खोट्या होत्या असं बाहेर आलं, तर त्यांचं काय होईल? मला शिडी त्यांनी शिकवली. ते नाही लिहायचं."

म्हणजे सात वर्षं चढलेल्या बाईने, ती चढू शकते हे सिद्ध करायचं, पण ती चढली आहे हे मात्र बोलायचं नाही. एखाद्याला पाण्यात पोहून दाखव म्हणावं आणि अंग ओलं झालेलं चालणार नाही म्हणून बजावावं, तशातला हा प्रकार.

अपिलाचा नियम असा, की उमेदवाराने स्वतः किंवा एखाद्या सहकाऱ्यामार्फत समितीपुढे सात मिनिटं तोंडी बाजू मांडावी. साहेबांसमोर उभं राहिलं की पंपवाली नुसती मान डोलावते. मी म्हटलं, मी बोलते. कुणी आग्रह केला नव्हता. पण शाळेत असताना मला वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस मिळालं होतं, आणि पहिलं मिळालेली मुलगी मुख्याध्यापकांची भाची होती, हे दुःख माणूस सहजासहजी विसरत नाही.

घरी सांगितलं. नवरा निवृत्त भाषाशिक्षक. तो चष्मा पुसत म्हणाला, की विषय मोठा आहे, मसुदा दाखव. मसुदा दाखवला तर त्याने स्त्रियांच्या ताकदीबद्दल एक अक्षरही न बोलता अकरा ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. 'शक्ती' या शब्दापुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी विचारलं हे का, तर म्हणाला, हा शब्द एका पानावर नऊ वेळा आलाय, इतक्यांदा आला की संशय येतो. मला राग आला. बरोबर होतं म्हणून जास्त आला.

बातमी जिन्यातून वर गेली आणि वरच्या मजल्यावरचे वकीलकाका खाली आले. त्यांनी वकिली सोडून पंधरा वर्षं झाली, पण वकिलीने त्यांना सोडलेलं नाही. त्यांच्या मते भाषणाची सुरुवात कायद्याच्या कलमांनी करावी, म्हणजे ऐकणारा घाबरतो. समोरच्या वहिनींचं मत उलट. सुरुवातीला डोळ्यांत पाणी आणावं, म्हणजे ऐकणारा विरघळतो. शिवाय त्यांच्या धाकट्या दिरानं गच्चीच्या किल्ल्या एकट्याकडे ठेवल्या आहेत, हा स्त्रियांच्या हक्कांवर उघड घाला असल्याने त्याचा उल्लेख यावा. मी म्हटलं, वहिनी, हा टाकीचा विषय आहे. त्या म्हणाल्या, टाकी गच्चीवरच असते ना.

इतिहासातल्या शूर राण्या घालाव्यात की नाही यावर आमच्या बैठकीच्या खोलीत दोन संध्याकाळी चर्चा झाली. शेवटी मी तीन राण्या घातल्या. पंपवालीला वाचून दाखवलं तेव्हा ती लक्ष देऊन ऐकत होती. संपल्यावर तिने फक्त एवढंच विचारलं, की या राण्या नोकरीला कुठे होत्या. मी दोन राण्या कमी केल्या.

एके दिवशी दुपारी टाकीवाले काका स्वतः घरी आले. जिना चढायला त्यांना खूप वेळ लागला. मी वरून आवाज ऐकत होते, एकेक पायरी, मग थांबणं, मग पुन्हा पायरी. खुर्चीत बसून त्यांनी चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाले, "खरं सांगून टाका, बाई. सात वर्षं मी तिच्या चढण्यावर सही करत होतो. सांगून टाका." पण हे म्हणताना त्यांच्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडत होता, आणि तो सांडतोय हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं. त्यांची बायको तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. मी म्हटलं, काही गरज नाही काका, भाषण चांगलं झालंय, त्यावरच काम होईल. त्यांनी मान हलवली. विश्वास त्यांचाही बसला नव्हता आणि माझाही. पण दोघांनी एकमेकांना तसं भासू दिलं नाही. सभ्य माणसांचं असंच असतं; त्यामुळेच बरीच कामं अडतात.

मग कार्यालयीन सोपस्कार. भाषणाची प्रत साहेबांकडे आगाऊ द्यायची होती, तीन प्रतींत. साहेब तसे वाईट नाहीत. भित्रे आहेत. भित्रा माणूस वाईट माणसापेक्षा जास्त ओळी खोडतो. 'अन्याय' काढून त्यांनी 'गैरसोय' केलं. 'हक्क'च्या जागी 'अपेक्षा' आली. 'स्त्री ही अबला नाही' या वाक्याखाली रेघ मारून 'पुरावा जोडावा' असं लिहिलं. पुरावा पंपघरात व्हॉल्व्ह फिरवत उभा होता, पण तो जोडता येणार नव्हता. मी ते वाक्य ठेवलं आणि शेजारी लिहिलं, 'सर्वसाधारण माहितीवर आधारित.'

सुनावणीचा दिवस दोनदा पुढे गेला. एकदा अध्यक्षांना खोकला झाला, एकदा सभागृहाची किल्ली सापडेना. तिसऱ्यांदा ठरला तो बुधवार. समोरच्या वहिनींनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, की समितीपुढे सपाट चपलांत उभं राहिलं तर माणूस आधीच बुटका दिसतो, मग त्याचे विचारही बुटके वाटतात. मला हे पटलं, हे कबूल करताना मला लाज वाटते. मी उंच टाचांचे बूट घेतले.

सभागृह तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी. आमच्याकडे या पाटीइतकी चालू दुसरी कुठलीच वस्तू नाही. मी हातात कागद घेऊन, मनातल्या मनात पहिलं वाक्य म्हणत जिना चढायला लागले. पहिलं वाक्य असं होतं: 'स्त्रीचं पाऊल डळमळीत असतं, हा समज चुकीचा आहे.' सातव्या पायरीवर टाच मुडपली. मी पडले ती पूर्ण सात पायऱ्या पडले, एकही सोडली नाही.

पाय हलवला तर डोळ्यांपुढे अंधारी येत होती. कागद जिनाभर पसरले होते. सुनावणीला सहा मिनिटं उरली होती आणि नियम असा, की बाजू मांडणारा हजर नसेल तर अपील निकाली. दोन शिपाई धावत आले. त्यांना माझ्याबद्दल कळकळ होती, यात शंका नाही. पण कर्मचाऱ्याला उचलून वर नेणं हे आपल्या कामात बसतं का, आणि नेताना पुन्हा पाडलं तर जबाबदारी कुणाची, यावर त्यांचं एकमत होईना. धाकट्याचं म्हणणं खुर्ची आणावी. थोरल्याचं म्हणणं खुर्ची भांडारातून सहीनेच मिळते.

पंपवाली खाली दाराशी उभी होती. ती आली. तिने आधी कागद गोळा करून माझ्या हातात दिले. मग माझ्याकडे पाठ करून उकिडवी बसली आणि म्हणाली, "या, बाई. गळ्यात हात टाका."

माझं वजन मी इथे सांगणार नाही. समितीच्या इतिवृत्तातही ते आलेलं नाही. त्या कागदातली तेवढी एकच गोष्ट मला आवडली. एवढंच सांगते, की डॉक्टर मला दर वर्षी जिने चढायला सांगतात आणि त्या दिवशी मी एका दमात तीन मजले चढले, फक्त दम माझा नव्हता. तिच्या पाठीवरून जाताना मला तिचा श्वास ऐकू येत होता. तो एकसारखा होता. घाई नाही, थांबणं नाही. पावलं मोजून टाकत होती. एकशे बारा पायऱ्यांची सवय असलेल्या माणसाला छप्पन्न म्हणजे अर्धं काम. मी मात्र लहान मुलासारखी तिच्या खांद्याला धरून होते आणि लाजेने माझे कान तापले होते. येणारे-जाणारे भिंतीला चिकटून वाट देत होते. लेखा विभागातल्या एकाने मला नमस्कारही केला.

सभागृहाच्या दारात तिने मला खुर्चीत बसवलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. सहकारी बाजू मांडत असला की उमेदवाराला आत थांबायची परवानगी नव्हती, दार तेवढं उघडं होतं.

समितीत चौघं. खोकणारे अध्यक्ष, आमचे साहेब, एक झोपाळू सदस्य, आणि भांडारवाल्या मॅडम. मॅडम आहेत म्हणून मला आधार वाटला होता. नंतर कळलं, की मॅडमना आपण त्या खोलीत पोचलो हेच इतकं कठीण गेलं होतं, की दुसऱ्या कुणाला ते सोपं व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं.

मी बसूनच भाषण सुरू केलं. पानं उलटसुलट झाली होती. पहिल्या पानानंतर चौथं आलं, त्यामुळे उरलेली एकुलती राणी एकदम पंपघरात शिरली. घोटा ठणकत होता, कपाळावरून घाम कागदावर पडत होता. तरी मी वाचत राहिले. स्त्री घरात पाणी भरते, मुलं उचलते, म्हातारी माणसं उचलते; तेव्हा तिला कुणी ताकद विचारत नाही, पगार मिळायची वेळ आली की मग विचारतात, असं एक वाक्य साहेबांच्या नजरेतून कसं कोण जाणे सुटलं होतं. ते मी जरा मोठ्याने वाचलं. झोपाळू सदस्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, झालं, पोचलं.

अध्यक्षांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. ते खरोखरच प्रेमळ गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, तुमची तळमळ आम्हाला कळते. पण बघा, तुम्ही साधा जिना चढताना पडलात. तिथे तर उभी शिडी आहे. आम्हाला तुमच्या भगिनींची काळजी वाटते, म्हणूनच नको म्हणतो."

मी म्हटलं, मी पडले हे खरं. पण मला तीन मजले पाठीवर घेऊन कोण आलं, ते बघा. ती बाहेर उभी आहे. तिचंच अपील आहे.

चौघांनीही दाराकडे बघितलं. पंपवाली भिंतीला टेकून उभी होती, हात पुसत. अध्यक्षांना कौतुक वाटलं, ते तसं म्हणालेही. पण मॅडमनी पेन खाली ठेवला.

"अडीअडचणीला बाई काहीही करते हो," मॅडम म्हणाल्या. "मीही केलंय. प्रश्न रोजचा आहे. रोज सकाळी, वर्षानुवर्षं, ही चढू शकेल असं तुम्ही कशावरून म्हणता?"

कशावरून. माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर होतं. सात वर्षं. रोज. नोंदवहीतला प्रत्येक आकडा तिच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. एक वाक्य, बस. एकोणीस दिवसांत मी लिहिलेल्या सगळ्या पानांपेक्षा ते एक वाक्य मोठं होतं. मी दाराकडे पाहिलं. पंपवालीने मान हलवली. नाही म्हणून. अगदी थोडीशी.

मी म्हटलं, "सर्वसाधारण माहितीवरून."

झोपाळू सदस्य हसले. भाषणालाच सव्वाआठ मिनिटं लागली होती. वेळ संपली.

निकाल पंधरा दिवसांनी घरी आला, तेव्हा माझा पाय प्लास्टरात होता. अपील फेटाळलं होतं. कारणांत लिहिलं होतं: 'बाजू मांडणाऱ्या महिला कर्मचारी स्वतः जिना चढताना पडल्या, याची समितीने सहानुभूतीपूर्वक नोंद घेतली.' नवऱ्याने ते वाक्य दोनदा वाचलं. व्याकरणाची एकही चूक नव्हती. त्याने कागद घडी करून ठेवला आणि पहिल्यांदाच काही दुरुस्त न करता माझ्याजवळ बसून राहिला. शेजारी भेटायला येत होते. वकीलकाकांच्या मते कलमांनी सुरुवात केली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. वहिनींनी बुटांचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

पंपवाली एका रविवारी आली. मी तिची माफी मागितली. एवढी बडबड करून नेमकं बोलायचं तेवढं मी बोलले नाही, आणि पडून वर तिचाच खटला बुडवला. तिने माझं पांघरूण नीट केलं. म्हणाली, काकांचं पेन्शन मंजूर झालं. जाताना तिने समितीच्या निकालाची एक प्रत मागून घेतली. तिला वाचता फार येत नाही. मी विचारलं, काय करणार? म्हणाली, असू दे.

नवीन निरीक्षक रुजू झाला. तिशीचा, शेलाटा, बोलायला नम्र. कुणाचा भाचा नव्हता, पुतण्या नव्हता. सरळ मार्गाने आलेला बिचारा. पुरुष असल्यामुळे त्याला कुणी विचारलंच नव्हतं, की तुला उंचीची भीती वाटते का. वाटत होती. पहिल्याच दिवशी तो विसाव्या पायरीवरून घाम पुसत परत आला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पंपवालीला बोलावून हळूच सांगितलं, की तू आपली आधीसारखी जात जा वर. तेव्हा तिने पिशवीतून निकालाची प्रत काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"बाईमाणसाला झेपत नाही, असं समितीने लिहून दिलंय, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही चढ म्हणून लिहून द्या. मी चढते."

साहेब लिहून कसे देणार? खाली त्यांचीच सही होती. शिपायाने मला हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी खूप हसले. मग लक्षात आलं, की त्या दिवसापासून ती शिडी चढलेली नाही, आणि हसू आपोआप थांबलं. तिला वर आवडत असे. एकदा तिने सांगितलं होतं, की वर कुणी हाका मारत नाही.

मी काठी टेकत कामावर परतले तेव्हा खिडकीसमोर रांग रस्त्यापर्यंत गेली होती. निरीक्षक अंदाजाने आकडे लिहीत होता आणि टाकी त्याच्या अंदाजाप्रमाणे वागत नव्हती. एक दिवस पाणी वाहून रस्त्यावर आलं, पुढचे दोन दिवस नळाला थेंब नाही. मी एका सकाळी एकशे चाळीस तक्रारी लिहिल्या. साहेबांच्या घरची एक होती. शेवटी साहेब स्वतः टाकीखाली जाऊन उभे राहिले आणि त्या मुलाला म्हणाले, माझ्यादेखत चढ. लोक मागोमाग गेले. रांगच तिकडे गेल्यामुळे मीही गेले.

तो चढला. बरंच चढला. मग एके ठिकाणी थांबला तो थांबलाच. दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली, तोंड लोखंडाला लावलं. खालून सगळे ओरडून सूचना देत होते, खाली बघू नकोस म्हणून, आणि प्रत्येक सूचनेसरशी तो खाली बघत होता. अग्निशामक दलाला फोन केला. त्यांची उंच शिडी दुसरीकडे गेली होती. अर्धा तास लागेल म्हणाले. वर त्याचे पाय थरथरताना खालून दिसत होते. एक चप्पल निसटून आमच्यात येऊन पडली. मग कुणी ओरडेना.

पंपवाली पंपघरातून बाहेर आली. तिने चपला काढून भिंतीशी जोडीने ठेवल्या, बाह्या सारल्या आणि शिडीला हात घातला. साहेब बाजूला सरकले. मी तिला प्रथमच चढताना पाहत होते. सात वर्षं ऐकून होते, पाहिलं कधी नव्हतं. त्या वेळी मी खिडकीवर असायची. त्यात ताकद अशी दिसत नव्हती. एखादी बाई रोजच्या रस्त्याने घरी जावी तशी ती जात होती.

त्याच्या पायांशी पोचल्यावर ती थांबली. तिने त्याचा घोटा हाताने धरून खालच्या पायरीवर ठेवला. काहीतरी बोलत होती. मग दुसरा पाय. असं एकेक पायरी करत ते दोघं खाली आले, त्याला सव्वीस मिनिटं लागली. खाली टेकल्यावर तो मातीत बसला आणि रडला. ती त्याच्या शेजारी बसली. मी नंतर विचारलं, वर त्याला काय सांगत होतीस? म्हणाली, "काका मला सांगायचे तेच. पाय माझ्या हातात आहे, साहेब. तुम्ही फक्त सोडा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब घाईने आत गेले. मला वाटलं, अभिनंदनाचं पत्र काढायला गेले असतील.

दुसऱ्या दिवशी तिला कारणे दाखवा नोटीस मिळाली. 'दिनांक अमुक रोजी आपण कोणताही अधिकार नसताना टाकीच्या शिडीवर पायरी क्रमांक चौऱ्याऐंशीपर्यंत चढलात, व तेथे अडकलेल्या अधिकृत निरीक्षकास खाली आणलेत. हे वर्तन समितीच्या निर्णयाशी विसंगत आहे. आठवड्याच्या आत खुलासा करावा.' वर कुणीतरी बातमी कळवली होती आणि साहेबांना कागद रंगवणं भाग होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की मनावर घेऊ नका, नुसता सोपस्कार आहे. त्यांचे डोळे माझ्या काठीवर होते.

खुलासा लिहायला मी बसले. राग एवढा होता, की तीन पानं झाली. न्याय, हक्क, शक्ती, सगळं परत आलं, एक राणीसुद्धा आली. पंपवालीला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, एवढं कशाला? तिने सांगितलं ते मी लिहून घेतलं. दोनच वाक्यं झाली: 'माणूस वर अडकला होता. खाली आणायला वर जावं लागलं.'

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

खुलासा असमाधानकारक ठरला. तिला सक्त ताकीद देण्यात आली आणि तशी नोंद तिच्या सेवापुस्तकात झाली. सही, शिक्का, तारीख, पायरी क्रमांकासकट. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. चौदा वर्षांच्या नोकरीत तिच्या सेवापुस्तकात रुजू झाल्याच्या नोंदीनंतर लिहिलेली ही पहिलीच ओळ.

निरीक्षकाने महिन्याभरात बदली मागून घेतली. जाताना तो पंपवालीला भेटून गेला. जागेची जाहिरात पुन्हा निघाली, अक्षरशः जुनीच, तारीख तेवढी बदललेली. पंपवाली माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, बाई, अर्ज लिहा. मी म्हटलं, भाषण मात्र मी करणार नाही. ती म्हणाली, नको.

अर्जात 'अनुभव' असा रकाना असतो. मागच्या वेळी तिथे आम्ही आडवी रेघ मारली होती. या वेळी तिने पिशवीतून सेवापुस्तकाच्या पानाची नक्कल काढून दिली आणि म्हणाली, ही जोडा.

आस्थापनेच्या टेबलावर आम्ही दोघी गेलो. तिथल्या कारकुनाने जोडपत्र उलटसुलट करून पाहिलं. त्याला वाटलं आमची चूक झाली, म्हणून त्याने चांगुलपणाने ते सोडवून परत पुढे केलं.

"हे काढून घ्या," तो म्हणाला. "ही तुमच्याविरुद्धची नोंद आहे."

पंपवालीने तो कागद पुन्हा अर्जाखाली सरकवला.

"विरुद्ध असू दे," ती म्हणाली. "पण वर चढल्याची आहे, आणि माझ्या नावाची आहे."

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारून पोच दिली. या गोष्टीला चार महिने झाले. समितीची तारीख अजून लागलेली नाही, आणि टाकीत पाणी किती आहे, हे सध्या कुणालाच माहीत नाही.